विमानातल्या दिव्याची सनद

हिंगोलीच्या मार्केट यार्डाबाहेर हळदीची पोती घेऊन रात्री-अपरात्री रांगेला लागणाऱ्या ट्रॅक्टरांकडे पाहिले, तर कंपनीने दिलेल्या दिव्यांवर समाधान मानणारा मालक विरळाच, हे ध्यानात येते. टपावर एक, मडगार्डवर दोन, ट्रॉलीच्या कडेने निळ्या-हिरव्या एलईडीची पट्टी, आणि हे सारे रस्त्याकडेच्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीवरून वायर ओढून, कोणाचीही इजाजत न घेता, तासाभरात बसवून दिलेले असते. याउलट चार आसनांच्या लहान विमानाचा मालक कॉकपिटातील जुनाट, पिवळट दिव्याच्या जोडीला बोटभर लांबीचा एखादा नवा दिवा लावू म्हणेल, तर दिव्याच्या किमतीहून कागदांचा खर्च अधिक आणि बसविण्याच्या श्रमांहून मंजुरीचे श्रम मोठे, अशी त्याची अवस्था होते. हा सारा खटाटोप अनाठायी आहे असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. माझे मत मात्र असे आहे की, त्यातला बराचसा भाग सार्थ असून थोडाच भाग निव्वळ दफ्तरी आहे.

1999 मध्ये परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला स्वतःचा विमानतळ नाही. प्रवाशाला जवळचा तो नांदेडचा. लहान विमानांचा राबता पाहावयाचा तर बारामती, धुळे किंवा गोंदियाजवळचे बिरसी गाठावे लागते, जेथे उद्याचे व्यावसायिक वैमानिक तयार होतात. डोळ्यांनी बाहेर पाहून करावयाचे उड्डाण सूर्यास्तानंतर आपल्याकडे सहसा करू देत नाहीत. परंतु व्यावसायिक परवान्यासाठी किमान 5 तास रात्रीचे उड्डाण आणि त्यात 10 उड्डाणे व 10 अवतरणे उमेदवाराला करावीच लागत असल्यामुळे, विमानतळाच्या आसपास घिरट्या घालणाऱ्या प्रशिक्षणाच्या विमानांना नियंत्रण कक्षाच्या परवानगीने ती सवलत मिळते. रात्रीच्या उड्डाणाशी महाराष्ट्राचा संबंध तसा जुनाच. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत.

कॉकपिटातला प्रकाश हा मुळात नाजूक प्रश्न आहे, कारण वैमानिकाला एकाच वेळी समोरच्या तबकड्या वाचावयाच्या असतात आणि काचेपलीकडच्या काळोखातही पाहावयाचे असते. मानवी नेत्र अंधाराला पुरता सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि ती कमाई एका प्रखर झोताने क्षणार्धात नष्ट होते. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या नेत्रपटलातील दंडपेशी तांबड्या रंगाला जवळजवळ बधिर असतात; म्हणून जुन्या विमानांत छतावर तांबड्या काचेचा दिवा आणि त्याची तीव्रता कमी-जास्त करणारी घुंडी अशी योजना असे. त्यातही एक गोम होती. तांबड्या प्रकाशात नकाशावरची तांबडी व जांभळट शाई दिसेनाशी होते, आणि चाळिशी ओलांडलेल्या वैमानिकाला जवळचे वाचताना अधिकच त्रास होतो. त्यामुळे अलीकडे मंद पांढऱ्या प्रकाशाकडे कल वाढला आहे, आणि बाजारात मिळणारे नवे एलईडी दिवे वैमानिकांना मोह घालतात ते याच कारणाने.

मोहाला लगाम घालते ती विमानाची सनद. सेस्ना 172 हे जगभरच्या फ्लाइंग क्लबांचे आवडते विमान. त्याच्या रचनेला अमेरिकेत 1955 मध्ये टाइप सर्टिफिकेट मिळाले, आणि तेव्हापासून कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक नग त्या मान्य आराखड्याबरहुकूम आहे, या गृहीतावर त्याचा उड्डाणयोग्यतेचा दाखला उभा असतो. आराखड्यात नसलेला दिवा स्क्रूने आवळला की त्या गृहीतालाच बाध येतो. वैमानिकाच्या खिशातली विजेरी हे त्याचे सामान. तीच पॅनेलवर कायमची जखडून विमानाच्या विजेवर जोडली, तर ती विमानाचा अवयव ठरते. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांची वाट वेगळी होती. स्वनिर्मित विमानाला अशी सनदच नसते, ते प्रायोगिक वर्गात मोडते. पण तीही वाट सुलभ नव्हती, कारण 2017 मध्ये नोंदणी झाल्यावरही उड्डाणाच्या परवान्यासाठी त्यांना 2019 पर्यंत थांबावे लागले.

सनदी विमानाच्या मालकासाठी राजमार्ग म्हणजे सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, अर्थात मूळ सनदेला जोडलेली पुरवणी, जी दिव्याचा निर्माता विशिष्ट विमानांसाठी आधीच मिळवून ठेवतो. अमेरिकी नियमांनुसार ती वापरण्यास पुरवणीधारकाची लेखी अनुमती लागते. भारतीय नोंदणीच्या विमानासाठी तेवढ्याने भागत नाही. हा फेरबदल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला मान्य असल्याचे कागदावर दाखवावे लागते. 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम अंमलात आला, तरी या तत्त्वात फरक पडलेला नाही.

दिव्याची एवढी चौकशी कशासाठी, याचे उत्तर लहान विमानांना दीर्घकाळ लागू असलेल्या अमेरिकी नियमांतील दिव्यांच्या कलमात सापडते. त्यात तीन अपेक्षा आहेत: प्रत्येक तबकडी सहज वाचता यावी, दिव्याचे थेट अथवा काचेवरून परावर्तित होणारे किरण वैमानिकाच्या डोळ्यांत जाऊ नयेत, आणि हादऱ्यांनी वायर उघडी पडून शॉर्ट होऊ नये. केबिनच्या छतावरचा साधा दिवा हा तबकड्यांचा दिवा मानू नये, असेही ते कलम बजावते. इतक्या मोजक्या शब्दांत इतके शहाणपण सांगणारी सरकारी कलमे मी फारशी वाचलेली नाहीत.

हँगरमध्ये परवानाधारक अभियंता हे काम करतो, तेव्हा त्याचा बहुतेक वेळ दिवा लावण्यात जातच नाही. पॅनेलमागे वायर बांधून झाल्यावर तो नियंत्रणाचा दांडा पूर्ण पुढे, पूर्ण मागे नेतो, दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवितो, आणि विजेरी धरून पाहतो की वायरीचा जुडगा कोठे घासत किंवा ओढला जात तर नाही. ब्रेकर निवडावयाचा तो दिव्याच्या नव्हे, वायरीच्या ताकदीकडे पाहून. मग इंजिन चालू करून, कानाला हेडसेट लावून, तो डिमरची घुंडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवितो; कारण एलईडीचा प्रकाश कमी करणारे सर्किट वीज अतिवेगाने तोडत-जोडत असते, आणि त्याची घरघर 118 मेगाहर्ट्झच्या वरच्या संभाषणपट्ट्यात उतरली, तर नियंत्रण कक्षाचा शब्द ऐकू येणार नाही. चुंबकी होकायंत्राजवळून वायर गेली असेल, तर दिवा लावून व मालवून सुईचे वाचन ताडून पाहतो. यातला कोणताही दोष दिवसा, हँगरच्या दारात, लक्षात येण्यासारखा नसतो.

येथवर सारे न्याय्य. परंतु पुरवणीच उपलब्ध नसलेल्या जुन्या विमानाचा मालक जेव्हा खर्चाला भिऊन अंधुक दिव्यावरच रात्री उडत राहतो, तेव्हा सुरक्षिततेचा नियमच असुरक्षितता जपतो आहे, हे मान्य करावयास हवे. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने 2015 मध्ये यावर उपाय काढला: बाहेरचे जुने दिवे काढून एलईडी लावण्यासारख्या ठराविक फेरबदलांचे साचे तिने प्रसिद्ध केले, आणि साच्याबरहुकूम काम झाले तर वेगळी मंजुरी मागावी लागत नाही. अमेरिकेनेही 2016 मध्ये सक्तीच्या नसलेल्या पण सुरक्षितता वाढविणाऱ्या उपकरणांसाठी सोपी वाट केली. आपल्याकडे लहान विमाने मुख्यतः प्रशिक्षणाची, म्हणजे नवशिक्यांच्या हातची. तेव्हा अशा साच्यांची निकड येथे अधिकच आहे.

तोवर कागद जपावेत. पुरवणीची प्रत, मान्यतेचे पत्र, सुधारलेल्या वजनाचा तक्ता आणि लॉगबुकातील अभियंत्याची सही असलेली नोंद, यांतले एखादे पान गहाळ असेल, तर उड्डाणयोग्यतेच्या वार्षिक परीक्षणात अधिकारी त्या दिव्यावर बोट ठेवतो, अपघातानंतर विमा कंपनीही ठेवते. आणि मालकाला पुष्कळदा उत्तम चालणारा दिवा, त्याच्या वायरीसकट, उतरवून ठेवावा लागतो.