करमणूक आणि कारभार

वृद्धनिवासास देणगी द्यावयाची म्हटले म्हणजे दूरदर्शन संच, झोपाळा, भजनाचे साहित्य अशी यादी आपण प्रथम करतो. हेतू स्तुत्यच आहे. परंतु ज्यांनी आयुष्यभर पेढी सांभाळली, त्यांस केवळ प्रेक्षक करून बसविल्याने सेवा पुरी होते काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रयोग मननीय आहे. कनेटिकट राज्यातील आर्डन हाउस या शुश्रूषागृहात एलेन लँगर व ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी तो केला आणि १९७६ साली प्रसिद्ध केला. दोन मजल्यांवरील वृद्धांस रोपटी मिळाली, चित्रपटही मिळाला. एका मजल्यावर रोप निवडणे, त्यास पाणी घालणे, चित्रपटाची रात्र ठरविणे हे वृद्धांकडे सोपविले; दुसऱ्यावर हे सारे सेवकवर्गाने केले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील शेकडा ९३ वृद्धांत सुधारणा दिसली; दुसऱ्यावरील शेकडा ७१ अधिक दुबळे झाल्याची नोंद झाली. वस्तू त्याच, अंतर पडले ते अधिकाराचे.

म्हणून आमची सदस्यबंधूंस विनंती अशी की, देणगीबरोबर एक अट घालावी. सणाचा बेत, पुस्तकांची खरेदी, सहलीचे ठिकाण रहिवाशांच्या समितीने ठरवावे. त्या खर्चाची वहीही त्यांच्यापैकीच कोणी लिहावी. ज्या हातांनी खतावण्या लिहिल्या, त्यांस एवढे काम जड नाही.