मार्गदर्शक पट्टी, लाकूडकामातील
चक्री करवत आणि उभ्या फिरत्या पात्याने खाचा पाडणारे राऊटर या यंत्रांच्या मेजावर, पात्यापासून हव्या त्या अंतरावर आवळून ठेवता येणाऱ्या सरळ आधारपट्टीस ही संज्ञा आहे. कारागीर तिला ‘फेन्स’ म्हणतात. हातकामात खतावणीने आखलेली रेघ नजरेने सांभाळावी लागते. येथे लाकडाची कड पट्टीला टेकवून पुढे सरकवली की पुन्हा न आखता एकाच मापाचे तुकडे निघतात.

अचूक प्रकारच्या पट्टीस आट्यांचा दांडा किंवा एकमेकींत बसणाऱ्या दातेरी पट्ट्या असतात. आट्यांमधील अंतर १ मिमी. असल्यास दांड्याच्या दशांश फेऱ्याने पट्टी ०·१ मिमी. सरकते. दातेरी रचनेत ती ठराविक जागीच स्थिरावत असल्याने आधीचे माप नेमके परत मिळते.

तथापि सूक्ष्म सरक म्हणजे समांतरता नव्हे. करवतीचे पाते प्रथम मेजावरील खाचेशी व नंतर पट्टी त्याच खाचेशी समांतर लावतात. तपासताना पात्याचा एकच दात खुणेने निवडून तो पुढे व मागे फिरवून अंतर मोजतात. नाहीतर पात्यातील किंचित बाकामुळे फसगत होते. पट्टी मागील बाजूस पात्याकडे झुकली असेल, तर लाकूड अडकते, वर येणारे मागचे दात ते उचलतात आणि कारागिराच्या अंगावर फेकतात. पात्यामागे बसविलेले फाळणी-पाते हा धोका कमी करते. पट्टी सरळ करण्याला मात्र तो पर्याय नाही.

लाकडाची कड वाकडी असेल, तर उत्तम पट्टीही निरुपयोगी ठरते. मराठवाड्यात माळवदाची घरे मोडल्यावर निघणारे सागवान पुन्हा वापरले जाते. अहमदपूर (जि. लातूर) परिसरातील सुताराने अशी जुनी तुळई कापावयास घेतल्यास प्रथम खिळे काढून तिची एक कड रंध्याने सरळ करावी लागते. ही मेहनत टाळण्याकडे कल असतो, आणि तीच महागात पडते.

राऊटरचे पाते वाटोळे असल्याने तेथे समांतरतेचा प्रश्न नसतो. केवळ अंतर महत्त्वाचे. मेजाखाली बसविलेल्या यंत्रावर लाकूड उजवीकडून डावीकडे, म्हणजे पात्याच्या फिरण्याविरुद्ध सरकवतात. पट्टी व पाते यांच्या मधल्या फटीतून लाकूड कधीही नेत नाहीत; पाते ते हातातून हिसकावून घेते.