३० सप्टेंबरनंतर आलेली मुलं

कोकणातले असाल तर गणपतीला गावी जालच. आरत्या, भजनं, मोदक सगळं होऊ द्या, पण यंदा वाडीतल्या अंगणवाडी सेविकेलाही भेटा. त्या बहुतेक गावातल्याच असतात. त्यांना एकच विचारा, ‘तीन ते सहा वयाची मुलं किती आहेत?’ जो आकडा कळेल तो लिहून ठेवा. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत पुढच्या तीन वर्षांत पहिलीला किती मुलं बसणार, याचा अंदाज त्यातच आहे.

हा आकडा बऱ्याच ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजता येतो. कारणं आपल्याला पाठ आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास १७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून साडेआठ लाखांच्या आत गेली. माणसं मुंबई-पुण्याला गेली, म्हणजे आपलेच आईबाबा गेले! त्यात राज्याचा जननदर २०१९-२१ मध्येच १.७ वर आला होता. लोकसंख्या स्थिर राहायला तो २.१ च्या आसपास लागतो. उरलेल्या मुलांपैकी काही जण सकाळीच व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी केजीला जातात.

मग प्रश्न येतो पटसंख्येचा. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांहून जास्त असल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचा विचार पुढे आला आणि त्याला विरोधही झाला. सरकारची बाजू अगदीच चुकीची नाही. चार मुलांच्या वर्गात खेळ कसला रंगणार आणि गटचर्चा कुणाशी करणार? पण कोकणातली वाडी डोळ्यांसमोर आणा. मध्ये घाटी, पर्या आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. दुसरीतल्या पोराला रोज दुसऱ्या गावात पाठवायचं तर एसटीच्या वेळा जुळायला हव्यात.

कायद्याचीही एक गंमत आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला तो ६ ते १४ वयासाठी. त्याखालच्या मुलांसाठी सरकारने व्यवस्था ‘करावी’ अशी अपेक्षा आहे, पण तो हक्क नाही. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण मात्र तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानतं. कागदावर टप्पा एक, पण खाती दोन. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, पहिली शालेय शिक्षणाकडे. त्यामुळे मूल एकच असूनही त्याची मोजणी दोन वेगळ्या वह्यांत होते.

आता खरी मेख. शाळेचा पट मोजायची तारीख ३० सप्टेंबर. शिक्षक किती मिळणार, हे त्या आकड्यावर ठरतं. पण आंब्याच्या बागांत राखणीला येणारी नेपाळी कुटुंबं, चिरेखाणींवर काम करायला येणारे कर्नाटकातले मजूर यांच्यापैकी बरेच जण येतात पाऊस सरल्यावर. त्यांची मुलं ऑक्टोबरनंतर वर्गात दिसतात आणि मे-जूनपर्यंत निघून जातात. म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त महिने जी मुलं गावात असतात, ती नेमकी मोजणीच्या दिवशी नसतात. आपण म्हणतो, ‘गावात पोरंच नाहीत.’ पोरं असतात की! फक्त त्यांची आडनावं आपली नसतात.

ही मुलं आधी दिसतात ती अंगणवाडीत. तिथे वर्षात कधीही नाव घालता येतं. वजन-उंची होते, लस मिळते, गरम आहार मिळतो. मालवणी बोलणाऱ्या सेविकेसमोर नेपाळी बोलणारं मूल बसतं आणि काही महिन्यांत दोघांचं जमून जातं. हे सगळं मानधनावर चालतं, पगारावर नाही.

मुळात अंगणवाडी जन्मली तीच अशा मुलांसाठी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. पुढे १९७५ मध्ये देशभरची एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द सगळ्या देशाचा झाला.

म्हणून शाळा चालू ठेवायची की नाही हे ठरवताना दोन गोष्टी व्हायला हव्यात. एक, अंगणवाडीची वही शाळेच्या पटाशेजारी ठेवून वाचली जावी. दोन, जानेवारीत पुन्हा एकदा मोजणी व्हावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, की मोठं बजेट.

आणि तुम्ही? समाजशास्त्र, संख्याशास्त्र, मास कॉम, बीएड, कशालाही असा, फायनल इयरला प्रोजेक्ट असतोच. नेटवरून जुना रिपोर्ट उचलण्यापेक्षा स्वतःच्या गावाची मोजणी करा, सप्टेंबरात एकदा आणि जानेवारीत एकदा. दोन आकड्यांत फरक निघाला, तर तो घेऊन थेट ग्रामसभेत उभे राहा. मतदार यादीत तुमचं नाव त्या गावात असेल, तर तिथे बोलायचा हक्क तुम्हाला आहे. त्या चार वर्षांच्या पोरांना तो अजून नाही.