ट्रॉली थांबवायची कुणी?

दिवाळी सरली की बारामती-इंदापूर रस्त्याचा चेहराच बदलतो. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते आणि हंगाम संपेपर्यंत ती हटत नाही. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा आणि शेटफळगढेचा बारामती ॲग्रो हे सगळे कारखाने या दोन तालुक्यांतच आहेत, म्हणजे गव्हाणीकडे जाणारी वाटही याच रस्त्यांवरून. या वाहतुकीबद्दल आपण बोलतो तेव्हा ट्रॅक्टरबद्दल बोलतो: किती एचपीचा, चढ कसा काढतो, एका खेपेत किती टन आणतो. मागच्या ट्रॉलीला ब्रेक आहे का, हा प्रश्न क्वचितच निघतो. वाहतूक सुरक्षित आहे की नाही हे मात्र त्याच प्रश्नावर ठरते. ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली विकत घेतो आणि दुसरी तिच्यासोबत आपोआप येते असे धरून चालतो.

ती येत नाही, याचे कारण यंत्रातच आहे. ओढताना इंजिनाचा जोर गिअरमधून कित्येक पटींनी वाढून चाकापर्यंत पोहोचतो, म्हणून दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट माल हलवू शकतो. थांबताना अशी पट मिळत नाही. तिथे टायर आणि रस्ता यांच्यातली पकड एवढेच भांडवल, आणि बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन चाकांना. दोन ट्रॉल्यांत मिळून 18 टन ऊस धरला आणि ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसले, तर तो सगळा डोलारा थांबवायची जबाबदारी दोन टायरांवर येते. त्यात वेगाचा हिशेब सरळ चालत नाही. ताशी 20 किलोमीटरवरून 30 वर गेले की वेग दीडपट होतो, पण ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर सव्वादोन पट होते. त्यातून चालकाने ब्रेक दाबलाच, तर ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि ट्रॉल्या मागून रेटत राहतात. हा रेटा थोडा जरी तिरका लागला तरी ट्रॅक्टर आडवा होतो आणि जोड चाकूच्या पात्यासारखा मिटतो. शेतात चटकन वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे दिलेले असतात. रस्त्यावर आल्यावर ते दोन्ही पेडल खिट्टीने जोडायचे असतात. खिट्टी विसरली तर एकच चाक अडते आणि संकट तिथूनच सुरू होते. कालव्याच्या पुलावरून उतरताना डिझेल वाचवायला गिअर न्यूट्रल करणे ही आणखी एक घातक सवय, कारण त्या क्षणी इंजिनाचा उरलासुरला अटकावही निघून जातो.

ब्रेकबरोबर भाराची जागाही महत्त्वाची, आणि भार कुठे ठेवायचा याचे ज्ञान या भागाला नवे नाही. बैलगाडी भरणाऱ्याला ‘उलाळ’ शब्द समजावून सांगावा लागत नव्हता. मागे वजन जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाले तर बैलांची मान दबते. दोन चाकी ट्रॉलीचे गणित नेमके हेच आहे. वजन मागे गेले की ट्रॉलीचा दांडा हुकाला वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो आणि पकड सुटते. पुढे फार झाले की चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि स्टेअरिंग फिरवून उपयोग होत नाही. अमेरिकेत मोटारीमागे राहण्याचे घर जोडून फिरणाऱ्यांना हाच धडा आकड्यांत दिला जातो: ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार हुकावर हवा, त्याहून कमी झाला तर ट्रेलर वाऱ्यात पतंगासारखा डोलू लागतो. युरोपात मोटारीमागे स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर 750 किलोपर्यंतच चालतो, त्यापुढे ट्रेलरला ब्रेक लागतोच. हुक निसटला तरी ट्रेलर मोकाट सुटू नये म्हणून वेगळी साखळी किंवा तार जोडलेली असते. सुट्टीतल्या सामानासाठी एवढी काळजी घेतली जाते, आणि आपण दहा टनांची ट्रॉली एका लोखंडी पिनेच्या भरवशावर सोडतो. त्या पिनेला खालून चाप असेलच याची खात्री नसते, आणि दुसरी ट्रॉली तर पहिलीच्या शेपटाला लटकलेली असते.

कायदा याकडे पाहतो, पण त्याची नजर भलतीकडे आहे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी होते आणि किती वजन चालेल हे नोंदणीतच लिहिलेले असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. ट्रॅक्टरच्या परवान्याचा प्रश्न मात्र रिकाम्या वजनावर ठरतो: 7,500 किलोंपर्यंत रिकामे वजन असलेला ट्रॅक्टर हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालतो. त्याच परवान्यावर 7,500 किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. चालकांच्या पोटापाण्याच्या दृष्टीने हा निकाल मला योग्य वाटतो. पण धोका भरलेल्या वजनात असतो, आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या उतारावर कशा सांभाळायच्या हे त्या परवान्याने तपासलेले नसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ट्रॅक्टर चालतोच किती जोरात? पंधरा-वीसच्या वेगाने कुणाचे काय बिघडणार? काही वर्षांपूर्वी यात तथ्य होते. आता बारामती-इंदापूरच्या याच मार्गावर संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग झाला आहे आणि मोटारी ताशी 80 ने येतात. पुढे 20 ने चाललेली ट्रॉली असेल तर दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे 17 मीटरने मिटते. मागे लोंबणाऱ्या उसाने रिफ्लेक्टर झाकला आणि ट्रॉली 50 मीटरवर दिसली, तर मोटारवाल्याच्या हाती तीन सेकंद उरतात. रस्ता जितका चांगला होईल तितका ट्रॉलीचा संथपणाच धोक्याचा होत जाईल. म्हणून मागचा दिवा आणि उसाच्या टोकांच्याही बाहेर लटकवलेली चमकती पट्टी, ही ब्रेकइतकीच गरजेची आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो पैशाचा आहे. वाहतुकीचे बिल टनावर मिळते, ट्रॅक्टरवर कर्ज असते, मुकादमाला आणि टोळीला उचल दिलेली असते, आणि तुटलेला ऊस वाळत चालला की वजन व साखर दोन्ही घटतात. अशा वेळी चार टन कमी आण असे वाहनमालकाला सांगणे म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी काढणे. रस्त्यावर पोलिसांनी दंड केला तरी हे गणित बदलत नाही, कारण जादा भाराचा फायदा रोजचा आणि दंड एखाद्याच दिवशीचा. ते बदलू शकते वजनकाट्यावर. राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या मालवाहतुकीत क्वचितच असेल अशी सोय इथे आहे: प्रत्येक खेप मोजली जाते आणि तिची पावती निघते. शेतकऱ्याला त्याच्या पूर्ण उसाचे पैसे मिळालेच पाहिजेत. वाहतुकीचे भाडे मात्र नोंदणीतल्या वजनापर्यंतच द्यायचे, आणि कमी भराव्या लागणाऱ्या खेपांसाठी टनाचा दर वाढवायचा. दर न वाढवता मर्यादा लावली तर तो अन्यायच होईल. ब्रेकचा खर्चही एकट्या वाहनमालकावर टाकू नये. जड ट्रॉलीला ट्रॅक्टरवरून हायड्रॉलिक किंवा हवेच्या नळीने चालणारे ब्रेक लागतात. कारखान्याने ते बसवून द्यावेत आणि बिलातून हप्त्यांनी वळते करावेत. उचल अशीच वळती होते, त्यामुळे ही पद्धत कुणाला शिकवावी लागणार नाही.

वाहतुकीचे करार हंगामाच्या आधी होतात. पावसाळ्यात ट्रॉल्या उसाविना उभ्या असतात, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये फाळके बदलले जातात, तळ वेल्ड होतात, रंग लागतो. ब्रेकची नळी, पिनेचा चाप आणि साखळीची कडी बसवायला तेच दिवस मोकळे असतात. त्या करारात ही तीन कामे लिहिली गेली, तर काट्यावर पहिली खेप येईल तेव्हा तपासनिसाच्या हातात काही तपासण्यासारखे असेल.