गाडी खाली घेताना

आजचा विषय फलकावर वाचून काहींना वाटलं असेल की छपाईत चूक झाली. चूक झालेली नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज मोटारीच्या स्प्रिंगवर बोलणार आहोत. कारण घरातलंच आहे. आमचा नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत म्हणाला, "आजोबा, गाडी जरा लो करूया की. चारी स्प्रिंगा बदलायच्या, चाळीस मिलिमीटर खाली. लई भारी दिसती." गाडी आमच्या नावावर आहे, म्हणून निदान विचारलं तरी. घरात माणसं पाच, गाडी एक, साधी हॅचबॅक. दर महिन्याला जोतिबा, अधूनमधून नृसिंहवाडी, आणि मे महिन्यात गगनबावड्यावरून खाली कोकणात.

'नको' म्हणणं सोपं होतं. पण आपण नको का म्हणतो हे आपल्यालाच सांगता येत नसेल, तर ते वयाच्या जोरावर बोलणं झालं. म्हणून आम्ही दोघं, म्हणजे आजोबा आणि नातू, टेप घेऊन गाडीखाली वाकलो.

आधी स्प्रिंग म्हणजे काय ते बघू. वैशेषिक दर्शनात चोवीस गुण मानले आहेत, त्यातला एक 'संस्कार'. त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेलं धनुष्य, ओढलेली फांदी, गुंडाळलेली चटई, सोडली की पूर्ववत होतात, ती स्थितिस्थापकामुळे. आज शाळेच्या पुस्तकात 'स्थितिस्थापकता' हा शब्द येतो तो इथूनच. गंमत म्हणजे 'भावना', जिच्यातून आठवण होते, तीही याच खणात ठेवलेली आहे. तिकडे इंग्लंडात रॉबर्ट हूकनं १६७६ साली आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला, दुसऱ्या कुणी श्रेय घेऊ नये म्हणून. दोन वर्षांनी कोडं उलगडलं: जितका ताण, तितकं बळ. त्याच्या त्या पुस्तकाच्या लॅटिन नावाचा अर्थही 'पूर्ववत करणारी शक्ती' असाच आहे.

हूकचा नियम गाडीला लावला की पहिली गोष्ट कळते ती ही, की स्प्रिंग बदलली म्हणून गाडीचं वजन बदलत नाही. तेवढंच ओझं पेलायचं आणि गाडी मात्र खाली बसवायची, तर स्प्रिंग आखूड हवी. पण नुसती आखूड केली, कडकपणा तोच ठेवला, तर चाकाला वर यायला जागा कमी उरते. चाक वर येऊन शेवटी एका रबरी ठोकळ्यावर आदळतं, त्याला बंप स्टॉप म्हणतात. तिथे आदळू नये म्हणून खाली घेणाऱ्या स्प्रिंगा आखूड आणि शिवाय कडक असतात. उंची हवी तेवढी कमी करा आणि बाकी सगळं तसंच राहू द्या, असं होतच नाही.

आता आमची मोजणी. मागच्या चाकाला ठोकळ्यापर्यंत यायला रिकाम्या गाडीत ११० मिलिमीटर जागा भरली. गाडीचं वजन नऊशे किलो धरा, त्यातलं साडेतीनशे मागच्या चाकांवर. पाच माणसं आणि बॅगा चढल्या की मागच्या चाकांवर सहाशेच्या पुढे जातं, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. आम्ही सगळ्यांना खरोखर बसवलं, शेजारचे दोघे हसत होते. मागची बाजू ५० मिलिमीटर बसली. उरले ६०. चाळीस मिलिमीटर खाली आणि तीस टक्के कडक अशी स्प्रिंग घातली, तर त्याच ओझ्यानं ती ३८ दबेल. ११० वजा ४० वजा ३८, उरले ३२. सध्याच्या जागेच्या निम्म्याच्या आसपास. आणि हे ३२ मिलिमीटर कुणाच्या वाट्याचे? पुढे बसलेल्या चालवणाऱ्याच्या नव्हेत. मागच्या सीटवर चाकाच्या जवळजवळ वर जो बसतो त्याच्या. आमच्या घरात तिथे आजी बसते. तिच्या कमरेचा मणका दोन वर्षांपूर्वी सरकलेला आहे.

इथे थोडं थांबायला पाहिजे. गाडी स्प्रिंगांवर सेकंदाला किती वेळा झुलते, यावर बसणाऱ्याचं सुख अवलंबून असतं. घरगुती गाडीत हा आकडा सव्वाच्या आसपास ठेवतात. माणूस चालताना त्याचं शरीरही संथपणे वरखाली होतंच, म्हणून ते झुलणं अंगाला परकं वाटत नाही. उभ्या दिशेच्या हादऱ्यांना शरीर सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात. तीस टक्के कडक स्प्रिंगनं सव्वाचा आकडा १.४च्या वर जातो. आकडा लहान दिसतो, पण खड्ड्याचा जो धक्का आधी मऊ होऊन पोचायचा तो आता बराचसा तसाच वर येतो. मॉरिस ओली नावाचा इंजिनिअर होता, आधी रोल्स-रॉइसमध्ये, मग १९३० पासून जनरल मोटर्समध्ये. त्यानं दाखवलं की मागच्या स्प्रिंगांचं झुलणं पुढच्यांपेक्षा किंचित जलद हवं. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मग मागच्याला. मागची बाजू जलद असेल तर ती पुढचीला गाठते आणि गाडी डुलण्याऐवजी सपाट वरखाली होते. हा मेळ कंपनीनं बसवलेला असतो. कुणी नुसत्या पुढच्या स्प्रिंगा बदलतो, कारण पुढून गाडी 'बसलेली' दिसायला हवी असते, तेव्हा हा मेळ जातो आणि मागचे लोक म्हणतात, पोटात ढवळतंय.

स्पीडब्रेकरचं गणित नातवानं मांडलं, श्रेय त्याचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा असावा. आमच्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर २४५ सेंटिमीटर. ती अशा ब्रेकरच्या बरोबर मधोमध असताना पोटाखालची जागा फक्त ४४ मिलिमीटरनं घटते. रिकाम्या गाडीची १६३, माणसं बसल्यावर मधे साधारण १२८, त्यातून ४४ गेले, ८४ उरले. खाली घेतलेली गाडीसुद्धा इथून निघेल. पण आमच्या गल्लीतला ब्रेकर रहिवाशांनी रात्रीत घातलेला आहे. १२ सेंटिमीटर उंच आणि हातभर रुंद. दोन्ही चाकं त्याच्या अलीकडे-पलीकडे सपाट रस्त्यावर, आणि उंचवटा पूर्ण पोटाखाली. १२८ वजा १२०. आजच आठ मिलिमीटर उरतात, त्यातून चाळीस कुठून द्यायचे? (हशा) आणि तिथे लागतं ते पत्रा नव्हे, लागतं चेंबर. चेंबर फुटलं की ऑइल रस्त्यावर, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर इंजिन जाम.

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा वाद एकतर्फी होईल. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो. तो जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर धरला तर चार सेंटिमीटर म्हणजे सात टक्के. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन तेवढ्या प्रमाणात घटतं. हा फायदा खरा आहे. पण गगनबावड्याच्या वळणावर 'गाडी रस्त्याला चिकटली' असं जे वाटतं, ते बहुतेक कडकपणामुळे. उलट, आपल्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात गाडी खाली आली की खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो, आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे कलंडण्याची ओढ वाढते, आणि वाढलेला कडकपणा तीच ओढ आवरण्यात थोडा खर्च होतो. चाकांचे कोनही बदलतात. अलाइनमेंट केली नाही तर टायर आतल्या कडेनं झिजतात आणि बाहेरून मात्र नवे दिसतात.

रेसच्या गाड्या खालीच असतात ना, असा प्रश्न नेहमी येतो. असतात. आपल्या कोल्हापूरजवळ मोहित्यांचा ट्रॅक आहे, तिथली गो-कार्ट बघा. तिला स्प्रिंग अजिबात नसते. गुळगुळीत डांबर, एकटा तरुण, पंधरा मिनिटं. त्या कामाला ती चोख आहे.

एक धोक्याची गोष्ट, आणि इथे आम्ही खरंच कळवळून बोलतो. नव्या स्प्रिंगा महाग पडतात म्हणून आहेत त्याच कापायच्या किंवा गॅसनं तापवून बसवायच्या, असा एक प्रकार चालतो. आमच्या एका विद्यार्थ्यानं एका गॅरेजात पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून घेतला. आठ वेढ्यांचे सात झाले की स्प्रिंग चौदा टक्के कडक होते, इथवर ठीक. पण शेवटचा वेढा बैठकीत नीट बसावा असा घडवलेला असतो. तोच गेला. एका खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबलं, स्प्रिंग सैल होऊन बैठकीवरून सरकली आणि स्टिअरिंग ओढलं गेलं. बायको आणि लहान मुलगी गाडीत होती. वेग कमी होता म्हणून बांधावर निभावलं. तापवण्याचं तर आणखी वाईट. पोलादाचं पाणीच उतरतं, आणि जुन्या भाषेत बोलायचं तर त्याचा संस्कार पुसला जातो. परत कुठे यायचं हे त्याला आठवत नाही, गाडी महिन्या-महिन्याला आणखी बसत जाते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात आडवा येऊ शकतो, तो वेगळाच.

शेवटी एका श्रोत्यांचा प्रश्न आहे: "मुलगा ऐकतच नसेल तर?" तर निदान एवढं करा. वीस मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. चारी स्प्रिंगा एकाच संचातल्या घ्या, आणि त्यांना जुळणारे शॉकअप्सॉर्बर बरोबर बदला. जुना शॉकअप कडक स्प्रिंगची उसळी रोखू शकत नाही, गाडी उड्या मारत राहते. त्याच दिवशी अलाइनमेंट करा, विमा कंपनीला लेखी कळवा. आणि त्याआधी मुलाला एकदा मागच्या सीटवर, चाकाच्या बाजूला बसवून घाटातून न्या. आमचा नातू गेल्या रविवारी आजीच्या जागेवर बसून गगनबावड्याला जाऊन आला. परत आल्यावर त्यानं काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सोमवारी संध्याकाळी तो गल्लीतल्या ब्रेकरचा अर्ज घेऊन नगरसेवकांकडे गेला होता, एवढं आम्हाला आजीकडून कळलं.