फुलंब्रीची एस.टी.

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याकडे निघालेली सडक हर्सूल, सावंगी आणि चौका मागे टाकून गिरिजा नदीच्या खोऱ्यात येते, तेव्हा फुलंब्री हे तालुक्याचे गाव लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या रियासतीतील लोहमार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी असा पूर्वेकडे निघून गेला आणि त्याच्या उत्तरेस राहिलेल्या या मुलखाला दळणवळणासाठी सडकेवाचून दुसरा आधार उरला नाही. म्हणूनच फुलंब्रीचा बाजार, शाळा, दवाखाना आणि कचेरी यांचा विचार एस.टी.ला वगळून करताच येत नाही.

सरकारी मोटारगाडी हे महाराष्ट्रात 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेले पर्व, असे आपण सहसा मानतो. परंतु हैदराबाद रियासतीने त्यापूर्वी सोळा वर्षे, जून 1932 मध्ये, 27 गाड्या आणि 166 नोकर घेऊन आपले रस्ते-वाहतूक खाते उघडले होते. हे खाते रेल्वेच्याच अमलाखाली ठेवण्यात दूरदृष्टी होती, कारण रूळ आणि सडक यांनी परस्परांचे उतारू न पळविता जेथे गाडी पोहोचत नाही तेथे मोटारीने पोहोचावे, ही व्यवस्था त्यामुळे शक्य झाली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि 1961 मध्ये मुंबई, मराठवाडा व नागपूर येथील वाहतूक-संस्था एकत्र येऊन आजचे मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले.

या महामंडळाचा कारभार विभाग, आगार आणि स्थानक अशा पायऱ्यांनी चालतो. फुलंब्रीच्या स्थानकात संभाजीनगरातील आणि सिल्लोडच्या आगारांच्या गाड्या येतात. वाहतूक नियंत्रक त्यांची नोंद करतो. वाहक वे-बिलावर हिशेब मांडतो. आणि भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते. पूर्वी वाहकाजवळ निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांची पेटी असे आणि छिद्र पाडणाऱ्या चिमट्याची टकटक गाडीभर ऐकू येई. आता ते काम हातातील यंत्र करते.

परंतु या संस्थेचे खरे शील मुक्कामी गाडीत दिसते. हमरस्त्यापासून आडबाजूच्या गावी सायंकाळी शेवटची फेरी जाते, चालक आणि वाहक रात्र तेथेच काढतात, आणि पहाटे तीच गाडी शाळा-महाविद्यालयांची मुले, दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या आणि दवाखान्याला निघालेले वृद्ध यांना घेऊन परतते. गाडी रात्री रिकामी आगारात आणून पहाटे पुन्हा रिकामी पाठवावी लागली असती, तर तो दुहेरी डिझेलखर्च पदरी आला असता; म्हणजे जिला केवळ परोपकार समजले जाते, ती योजना काटेकोर हिशेबाचीही आहे. त्यासाठी दोन माणसे घरापासून दूर, बहुधा गाडीतच किंवा गावाने दिलेल्या खोलीत, अंथरूण टाकतात, याची जाणीव उतारूंनी ठेवावयास हवी.

या गाड्यांपैकी कित्येकींचा देह संभाजीनगराजवळच, चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, उघड्या चासीवर पत्रे, खिडक्या आणि बाके चढवून घडविला जातो. दापोडी आणि हिंगणा येथेही अशा कार्यशाळा आहेत. परंतु ज्या जिल्ह्यात गाडी बांधली जाते, त्याच जिल्ह्याच्या शेतरस्त्यांवर ती झिजते, हे मला विशेष समाधानाचे वाटते.

17 मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्याची सवलत मिळाली, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास तर त्याच्या आदल्या वर्षीच विनामूल्य झाला. पण सवलतीचा उपयोग गाडी आली तरच होतो. नव्या आरामगाड्या शहरांदरम्यान अवश्य धावाव्यात. मात्र वडोद बाजार, पीरबावडा यांसारख्या गावांकडील एखादी फेरी तोट्याची ठरवून बंद करण्यापूर्वी महामंडळाने त्या फेरीने शाळा गाठणाऱ्या मुलींची संख्याही उत्पन्नाच्या आकड्याशेजारी लिहावी, आणि मगच निर्णय करावा.