सोनेरी घड्याळ आणि पाऱ्याचा धूर

श्रोतेहो, फ्रान्समधील जुन्या राजवाड्यांतल्या शोभेच्या घड्याळांची चित्रे आपण पुस्तकांत पाहिली असतील. मधोमध पांढरी तबकडी आणि भोवती ब्राँझचे सोनेरी शिल्प. कुठे ग्रीक देवता, कुठे रथ. सोळाव्या लुईपासून नेपोलियनपर्यंत, म्हणजे १७७४ ते १८१५ या काळात, पॅरिसमध्ये अशा घड्याळांची मोठी हौस होती. गाडले गेलेले पाँपेई शहर १७४८ पासून खणून काढले जात होते. त्यामुळे प्राचीन ग्रीक-रोमन घाटाचे वेडच लोकांना लागले होते म्हणा ना!

तबकडीवर बहुधा घड्याळजीचे नाव असते. पण तो आतले यंत्र तेवढे पाही. शिल्प ओतणारा निराळा, छिन्नीने बारकावे काढणारा निराळा आणि मुलामा देणारा आणखी निराळा. या शेवटच्या कारागिराचे नाव सहसा कुठेच सापडत नाही.

त्याचे काम कसे चाले? सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा मऊ लगदा करायचा, तो ब्राँझवर माखायचा आणि वस्तू कोळशाच्या निखाऱ्यांवर धरायची. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने चिकटून राही. मग गारेच्या दगडाने घासून हवी तिथे चकाकी आणायची. पण उडालेला पारा जाई कुठे? कारागिराच्या छातीत! हात थरथरू लागत, दात हलत, माणूस अकाली खंगत जाई.

आंत्वान-आंद्रे राव्रिओ हे अशा ब्राँझकामाचे नामांकित कारखानदार. १८१४ साली ते वारले. कारागिरांना या विषापासून वाचवण्याची युक्ती जो काढील, त्याला तीन हजार फ्रँक द्यावेत, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. १८१८ साली हे बक्षीस रसायनशास्त्रज्ञ दार्से यांना मिळाले. त्यांची युक्ती साधी होती. तापलेली हवा वर चढते, हा नियम आपण शाळेत शिकवतोच. भट्टीच्या धुराड्याला त्यांनी आणखी एका शेगडीची ऊब जोडली. त्यामुळे ओढ वाढली आणि विषारी वाफ वरच्या वर निघून जाऊ लागली.

१८४० साली इंग्लंडात एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि पाऱ्याचा वापर हळूहळू मागे पडला.

शिक्षकबंधूंनो, धुराड्याचा धडा शिकवताना मुलांना राव्रिओंच्या मृत्युपत्राची गोष्ट जरूर सांगा. विज्ञान कोणाच्या उपयोगी पडते, हे त्यांना आपोआप समजेल.